झोंबलं म्हंजे लागू पडलं

आमच्या घनसावंगीत शेषरावकाका कुणाकडेही गेले, की आधी हात धुतात, मगच रामराम करतात. धुतल्यावर कशालाही शिवत नाहीत. दोन्ही हात छातीपुढे वर धरून, दार कोपराने लोटून आत येतात. एका लग्नात तर वरमाय, हे आशीर्वाद द्यायला आले असं समजून, त्यांच्या पाया पडली.

काका सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या करायचे. रिटायर झाले, तरी गल्लीतले फुटलेले गुडघे अजून त्यांच्याच ओट्यावर जातात. मी त्यांची शेजारीण, शाळेतली बाई. त्यांच्या फळीवरच्या जुन्या बाटल्यांबद्दल एकदा विचारून बसले.

"माझ्या वस्तादाच्या टायमाला जखम धुवायला कार्बोलिक. त्याच्याआधी तर म्हणे डॉक्टर हात न धुताच चिरफाड करायचे! मंग लाल औषध आलं, मंग जांभळं, मंग फेसाचं, मंग हे पिवळं. नवा साहेब आला का म्हणायचा, पहिलं बंद, हेच बराबर."

"मग खरं बरोबर कोणतं?"

"थांबा, पुन्हा सांगतो," म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि जांभळं लालच्या आधी आणलं. माझं डोकं चक्रावलं. त्यांचंही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. "झोंबलं म्हंजे लागू पडलं" ही एक. दुसरी, "फुंकायचं बिलकुल न्हाई. तोंडात जंतू असतेत." म्हणून पट्टी करताना ते तोंडाला रुमाल बांधतात.

मागच्या महिन्यात मी स्कूटीवरून पडले, कोपर सोलवटलं. काका दवाखान्यात सोबत आले. नव्या डॉक्टरीणबाईंनी जखम नुसत्या सलाईनने धुतली.

"अन् स्पिरिट?" काकांनी विचारलं.

"उघड्या जखमेवर नको, काका. आग होते, नवी कातडीही जळते."

"अन् फेसाचं?"

"तेही नको."

घरी आल्यावर काकांनी हातसुद्धा धुतले नाहीत, तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला त्यांच्या ओट्यावर बसले. काकांनी पाणी उकळून गार केलं होतं. रुमालाआडून म्हणाले, "हिच्या पायाला जखम झाल्ती, शुगरची. मी रोज स्पिरिट लावायचो. रडायची. म्हणायची, अहो, नुसती फुंकर तरी घाला. मी एकदाबी घातली न्हाई."

काकू जाऊन तीन वर्षं झाली.

"जखम भरली तिची, बाई. मंग माझं बराबर होतं, का उगंच झोंबवलं मी तिला?"

काका माझ्या कोपरावर पाण्याची बारीक धार धरून होते. जखम अजिबात झोंबत नव्हती.

"झोंबतंय हो, काका," मी म्हणाले. "फुंकर घाला ना."

काकांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि डोळे मिटून हळूच फुंकर घातली. मी पुरे म्हणाले नाही, आणि तेही थांबले नाहीत.