गादीवाल्याचा घसा

गादीवाल्याला मणक्याचा टीबी झाला, यात गादीचा काडीचाही दोष नव्हता. पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? दुकानात शिरलेला माणूस आधी गादी दाबून बघायचा, मग मालकाच्या कमरेपासून छातीपर्यंत आवळलेला जाडजूड पट्टा बघायचा, आणि "जरा फिरून येतो" म्हणून जो जायचा तो थेट समोरच्या दुकानात. त्यामुळे गादीवाला कित्येक महिन्यांच्या उपचारांनंतरच्या या स्कॅनकडे डोळे लावून बसला होता. पाठ साफ निघाली की गोळ्या बंद, पट्टा सुटला आणि धंदा पुन्हा ताठ उभा.

या स्कॅनमध्ये आधी किरणोत्सारी साखर टोचतात. शरीरात जिथे दुखणं अजून जागं असेल, तिथे ती जाऊन बसते आणि फोटोत तो भाग लखलखतो.

"पण जो स्नायू काम करतो तोही साखर खातो," सिस्टरने बजावलं. "म्हणून तासभर नुसतं पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"ऐकलंत ना?" बायको म्हणाली. "माझी शपथ आहे तुम्हाला."

गादीवाल्याने मान डोलावली, तीही अगदी मनापासून. त्याला गप्प बसवणं हा बायकोने लग्नापासून हाती घेतलेला आणि कधीच तडीस न गेलेला उद्योग होता. झोपेतसुद्धा तो कापसाचे प्रकार सांगायचा.

आतल्या खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या. एकीवर मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ डोळे मिटून पडले होते. सुई टोचून सिस्टर दार लावून गेली आणि गादीवाला गप्प पडून राहिला. बराच वेळ, म्हणजे त्याच्या मानाने बराच. मग शेजारचे गृहस्थ जरासे सरकताना कण्हले.

"पाठ का?" गादीवाल्याने विचारलं. दोन शब्दांना अशी कितीशी साखर लागणार?

गृहस्थांनी होकारार्थी मान हलवली.

"गादी कसली वापरता?"

तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. कापूस झाला, फोम झाला, काथ्या झाला. मध्येच शपथ आठवली तेव्हा त्याने आवाज खाली आणला आणि स्प्रिंगचं प्रकरण कुजबुजत घेतलं. गृहस्थ हूं की चूं करेनात. इतकं मन लावून ऐकणारा माणूस त्याला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. तो खुलला.

दुपारनंतर डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला आत बोलावलं.

"पाठ एकदम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. बायकोने डोळे मिटून सुस्कारा टाकला. "पण हा घसा बघा."

पडद्यावर गळ्यात दिवा पेटल्यासारखं काहीतरी झळकत होतं.

"इंजेक्शननंतर बोलला होतात का?"

"छे हो, एक शब्द नाही," बायकोच म्हणाली. "मी तर मुलीला फोन करून सांगितलं, तुझे बाबा आज तासभर गप्प होते. तिचा विश्वासच बसेना."

नवऱ्याबद्दलचा इतका अभिमान तिच्या चेहऱ्यावर गादीवाला पहिल्यांदाच बघत होता. तो मोडायचा त्याला धीर होईना.

"मग काळजी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार घशात पसरला असेल. नळी घालून बघावं लागेल, तुकडा काढून तपासावा लागेल. तोवर गोळ्या चालू, आणि पट्टाही राहू दे."

अभिमान गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणून गादीवाल्याने तोंड उघडलं. "डॉक्टर, खरं म्हणजे..."

"अहो, बोलू नका." बायकोने त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "घशाला ताण नको. काय ते खुणेने सांगा."

आता कुजबुजत स्प्रिंगचं प्रकरण घेतलं, हे खुणेने कसं सांगायचं? त्याने तळहातावर गाल टेकून झोपायची खूण केली, मग दोन बोटं वरखाली नाचवली.

"यांना चक्कर येतेय," बायको घाबरून म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी लगेच डोक्याचा फोटो उघडला.

तेवढ्यात दार वाजलं आणि मफलरवाले गृहस्थ डोकावले.

"माफ करा," ते गादीवाल्याला म्हणाले. "मघाशी मला बोलायची बंदी होती म्हणून विचारता आलं नाही. तुम्ही तासभर छान समजावलंत, पण शेवटी सिस्टर आल्या आणि मुद्द्याचं राहूनच गेलं. माझ्या पाठीला काथ्याची घेऊ की स्प्रिंगची?"

डॉक्टरीणबाईंनी आधी पडद्यावरच्या घशाकडे बघितलं, मग घशाच्या मालकाकडे.

"घशाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या उजळल्यात, बोलण्याने उजळतात तशा," त्या हसू दाबत म्हणाल्या. "हा आजार नाही, हे दुकान आहे. गोळ्या बंद. काढा तो पट्टा."

गादीवाला बायकोकडे बघायला धजेना.

"इतके महिने मुकाट्याने गोळ्या गिळल्यात," ती म्हणाली, "एक वाक्य गिळता आलं नाही?"

आवाज चढवायचा तिचा विचार होता, पण तो वाटेतच भिजला. ती रडत होती आणि हसतही होती. इतक्या दिवसांची धास्ती एकदम उतरली की माणसाचं असंच होतं. गादीवाला खाली मान घालून पट्ट्याचे बंद सोडू लागला.

गृहस्थ अजून दारातच ताटकळत होते. बायकोने डोळे पुसले.

"काथ्याची घ्या," ती त्यांना म्हणाली. "आणि पत्ता देऊन ठेवा. काथ्याचीच का, ते हे घरी येऊन सांगतील. तासभर तरी लागेल."