एका तव्याच्या दोन पाळ्या

मी वस्तू एकदाच घेतो! माझी छत्री लग्नाच्या आधीची आहे, आणि बायकोच्या मते माझे विचारही. पण त्याला माझी नोकरी कारण आहे. मी इमारतींच्या लिफ्ट तपासतो. मी मान डोलावली की लोक निर्धास्त आत शिरतात आणि वर जातात. वर म्हणजे आपापल्या मजल्यावर!

तर आमच्या न चिकटणाऱ्या तव्याला जेव्हा सगळंच चिकटायला लागलं, आणि त्याचे पापुद्रे अंड्यात निघायला लागले, तेव्हा मी घोषणा केली, "आता तवा मी आणणार! आपल्याच देशात घडवलेला, अस्सल बिडाचा. आपली नातवंडं वापरतील!"

"आधी उद्याची न्याहारी होऊ दे," बायको म्हणाली.

दुकानात मी तवा बोटांनी वाजवला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. मग एका हातानं उचलून मनगटाची परीक्षा घेतली. मनगट नापास झालं. भांडीवाला खूश होऊन म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावाच्या भट्टीत ओतलाय, साहेब! फक्त याला तेल पाजत राहा. तेल लावा, तापवा, पुसा. जितका काळा होईल तितका गुणी. तारेची घासणी मात्र चुकूनही लावू नका."

"मला सांगताय?" मी म्हणालो. मला खरं तर कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

इथं आमच्या घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला पाहिजे. सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. स्वतःच्या घरी त्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघरावर राज्य केलं. स्टीलची भांडी अशी लख्ख, की सासरे म्हणे ताटात बघून भांग पाडायचे. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, आता आईंना आराम! त्या उठल्या की आम्ही एका सुरात ओरडायचो, "आई, तुम्ही बसा!" बिचाऱ्या बसायच्या. पदर सावरून, खुर्चीच्या अगदी कडेला, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारख्या. आणि एक दिवस त्या लेकीला म्हणाल्या, "महिनाअखेरीला जाईन म्हणते मी माझ्या घरी." त्या रिकाम्या घरी, एकट्या! बायको रात्रभर रडली. मलाही फार वाईट वाटलं. आमचं चुकतंय काय, तेच कळेना.

असो. तवा आला. संध्याकाळी मायलेकी फिरायला गेल्या की मी तव्याला तेल पाजायचो. पहिल्याच दिवशी तवा असा काळाभोर झाला की त्याला दृष्ट लागेल म्हणून मी कोणाला दाखवलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो आणि बघतो तर काय, तवा पांढराफटक! मधे मधे गंजाचे ठिपके.

"तू घासलास?" मी बायकोला विचारलं.

"मला स्वतःचे केस विंचरायला वेळ नाही, आणि मी तुमचा तवा घासू?"

तेही खरं. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या तर बसलेल्या असायच्या! म्हणजे दोष तव्याचा. मी पुन्हा तेल पाजलं, पुन्हा काळा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा! मग मी तडक दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर भांडीवाल्याला धारेवर धरलं. "हे बीड आहे की बिस्कीट? रंग सोडतंय!"

त्यानं निमूटपणे तवा बदलून दिला. दुसऱ्या तव्यानंही तेच केलं! आता भांडीवाल्याचा चेहरा पडला. "साहेब, भावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मी उद्या दुपारी घरी येऊन डोळ्यांनी बघतो."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायको कामावर, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. भांडीवाल्याला माझी शास्त्रशुद्ध पद्धत दिसावी म्हणून मी तव्याला सढळ हातानं तेल पाजलं, गॅस मोठा केला, आणि त्याला आणायला खाली उतरलो.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. हसू नका! ती माझ्या विभागात येत नाही.

भांडीवाला अंगानं भरलेला. प्रत्येक वळणावर थांबून तो भावाच्या भट्टीचे गुण सांगत होता. आमच्या मजल्याच्या जवळ आलो तेव्हा जिन्यात धूर दिसला, आणि घरातून आवाज आला, "ताड्!"

आम्ही धावलो. म्हणजे मी धावलो. स्वयंपाकघरात धुराचे लोट, शेगडीवर पाणीच पाणी, आणि तव्याचे दोन तुकडे! मला अक्षरशः आनंद झाला. मी हँडलचा तुकडा फडक्यात धरून भांडीवाल्यासमोर नाचवला. "बघा! नातवंडं वापरणार होती! हा दुपारच्या चहापर्यंत टिकला नाही! बोलवा तुमच्या भावाला!"

भांडीवाला धापा टाकत चौकटीला टेकला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"त्यांना बोलू नका, जावईबापू. तवा मी फोडला."

सासूबाई हातात रिकामा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "मला धुराचा वास आला. वाटलं, माझ्याच हातून गॅस सुरू राहिला. घाबरून पाणी ओतलं." मग खाली बघत म्हणाल्या, "आणि घासतही मीच होते."

"तुम्ही?"

"तुम्ही दोघं गेलात की मला कधीतरी एखादं अंडं करून खावंसं वाटतं. त्या दिवशी नव्या तव्यावर केलं, तर तवा हा एवढा काळा! मला वाटलं, लेकीचा नवा तवा मी जाळला. म्हणून घासला. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा काळा. म्हटलं, नीट निघालंच नाही. रोज घासत होते हो! हात भरून आले, पण डाग काही हटेना."

म्हणजे एकाच तव्यावर आम्ही दोघं दोन पाळ्यांत राबत होतो! मी संध्याकाळी काळा करत होतो, त्या दुपारी पांढरा.

"काकू," भांडीवाला आदरानं म्हणाला, "बिडाचा तवा इतका लख्ख घासलेला मी जन्मात बघितला नाही."

पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी उद्याच जाते. दुसऱ्याच्या घरात असं नुकसान करत राहणं बरं नाही."

दुसऱ्याच्या घरात! आमच्या घरात एक बाई चोरून अंडं खात होती, आणि आम्ही तिला आराम देत होतो! मला चांगलं काहीतरी बोलायचं होतं, पण मला चांगलं बोलता येत नाही. म्हणून मी म्हणालो, "नुकसान कसलं? अर्धा तवा आहे की! बसा तुम्ही, मी आत्ता यावर सगळ्यांना अंडी करून देतो."

मी हँडलचा तुकडा शेगडीवर तिरपा ठेवला आणि अंडं फोडलं. अंड्यानं क्षणभर विचार केला, आणि फुटक्या कडेवरून ते सरळ बर्नरमध्ये उतरलं. मी दुसरं फोडलं. ते पहिल्याच्या शोधात गेलं. तिसरं फोडणार, तोच मागून गर्जना झाली.

"सरका! सरका आधी तिथून!"

मी सरकलो. भांडीवालाही सरकला.

"डोळे आहेत की बटणं? गॅस एवढा मोठा कोणी करतं? ते फडकं ठेवा, जळेल! आणि हे डबे कोणी लावलेत असे? मीठ वर आणि साखर खाली? इतके दिवस बघतेय, बोलत नाहीये! उद्या सगळं फळीवरून खाली काढते!"

बायको नेमकी तेव्हाच, कामावरून लवकर सुटून, दारात आली. धूर, पाणी, फुटका तवा, परका माणूस, हे तिला काहीच दिसलं नाही. पर्स छातीशी धरून ती पुटपुटली, "आई ओरडतेय..." आणि हसता हसता रडायलाच लागली.

"पण आई," मी भीत भीत विचारलं, "तुम्ही उद्या जाणार होतात ना?"

"जाते कशी? ही दिवसभर कामावर, आणि घर तुमच्या हाती?" सासूबाईंनी पदर खोचला आणि भांडीवाल्याकडे वळल्या. "दोन तवे पाठवा. एक माझ्यासाठी."

"आणि दुसरा, काकू?"

"दुसरा जावईबापूंना तेल पाजत बसायला! म्हणजे माझ्या तव्याला हात लावणार नाहीत."

हल्ली त्यांच्या तव्यावर रोज काही ना काही होतं, आणि चिकटत नाही. माझा तवा गॅलरीत असतो. संध्याकाळी मी तो निगुतीनं पुसतो. अतिशय टिकाऊ आहे, आणि काळा तर असा झालाय की विचारू नका! त्यावर काही शिजवायची परवानगी मात्र मला अजून मिळालेली नाही.