चार वादळांची रांग

हिंमतराव कारकुनांच्या अंगणात चार वादळं ओळीनं बसली होती. म्हणजे, मावळतीकडच्या चार वस्त्यांवरची वादळं पाहिलेली माणसं. पुण्याहून हवामानाचे साहेब यायचे होते आणि जुन्या वादळांची सालवार नोंद तयार दिसली, तर ते हिंमतरावांना पुण्याला आपल्या हाताखाली घेणार होते. वादळाचं नाव निघालं की ज्या माणसाला जेवण सुचत नसे, त्याला पुण्याचं हे काम! छत्तीस सालच्या त्या सकाळी हिंमतराव सगळ्या लोणखेड्यात नाचायचे तेवढे बाकी होते.

साल मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. वादळ कधी आलं विचारलं की लोटन सांगे धाकट्याचं बारसं, दोधू सांगे बहिणीचं लग्न. त्यावरून हिंमतरावांनी अंदाजानं सालं बसवली आणि सालाप्रमाणे माणसं.

साहेब आले, अंगणातल्या खाटेवर टेकले. "हं, पहिलं वादळ?"

"मन्हा घरना पत्रा उडना," लोटन म्हणाला. "आजपावत सापडना नही."

"निळा रंगना?" दोधू बोलून गेला. "तो मन्हा गोठावर शे! त्याच दिन मन्हा मांडवनं कापड उडनं."

"लाल कापड?" कौसाबाई चपापली. "ते मन्ही गोधडीमा शे. पन मन्हं सूप गयं, त्यानं काय?"

"सूप मन्हाकडे शे," भिला पुटपुटला.

वादळात उडून आलेली वस्तू ज्याच्या हद्दीत पडली त्याची, आणि त्यावर कुणी बोलायचं नाही, अशी तिथली रीत. आज सगळे बोलले आणि चार वादळांचं एकच उरलं. हिंमतरावांचं तोंड एवढंसं झालं.

साहेब मात्र हरखले. "अहो, पत्रा, कापड, सूप, सगळं उगवतीकडेच गेलंय! वादळाची वाट सापडली! पुढचं ठिकाण आणि साल सांगा, तुमचं पुणं नक्की!"

"मन्ही खाट उडनी व्हती," भिला म्हणाला. "कोठे पडनी, देव जाने."

हिंमतराव उठले, पुन्हा बसले. इकडे अब्रू, तिकडे पुणं! शेवटी त्यांना राहवेना.

"माझ्या अंगणात!" ते ओरडले. "सव्वीस सालचा वैशाख! मी डोळ्यांनी पाहिली! लिहा साहेब, लोणखेडा!"

साहेबांनी घाईघाईनं टाक काढला.

"थांबा सायेब," भिला म्हणाला, "पहिले उठा."

शेवटची नोंद साहेबांनी उभ्यानं केली.