पूर्ण पानाचा देश

एका जंगलात... आता लगेच "सिंह कुठाय, सिंह कुठाय" करू नका. या जंगलात सिंह नव्हता. हे जंगल तिवरांचं होतं. समुद्राकाठी, गुडघाभर चिखलात उभं. असल्या जागी सिंह राहत नाही. त्याची आयाळ खराब होते.

तर हे जंगल म्हणजेच एक देश होता. देश म्हणजे तरी केवढा? या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाची म्हातारी "शतंजीव" म्हणे, एवढा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे खाडी आणि बाकी सगळा चिखल. निर्यात कोळंबी, आयात गोडं पाणी. उरलेला वेळ गप्पा.

लोक म्हणाल तर खेकडे, बगळे, पाणमांजरं आणि निवटे. निवटा ठाऊक आहे ना? चिखलावर उड्या मारत चालणारा मासा. ठाऊक नसेल तर एका झकास कालवणाला मुकलात, मी काय सांगू!

राजा होता मगर. नाव मकरंदराजे. अर्धं अंग जमिनीवर आणि अर्धं पाण्यात पसरून ते राज्य करत. प्रधान होता खंड्या पक्षी. त्याला सगळे खंडोपंत म्हणत. निळा झगझगीत कोट, लांब चोच, आणि मत एकच. राजाचं असेल ते.

आता नीट ऐका. समुद्र एका जागी बसत नाही. सहा तास आत येतो, सहा तास बाहेर जातो. अमावस्या-पौर्णिमेला तर उधाण येतं, आणि भरदुपारी पाणी पार वर चढतं. म्हणून या देशाला एक बांध होता, चिखल आणि पेंढा थापून केलेला. बांधाच्या आत घरं, बाहेर समुद्राचा कारभार.

आणि रीत अशी होती की उधाणाच्या आधी दोन दिवस प्रत्येक घरातून एकाने बांधावर यायचं आणि भोकं बुजवायची. भोकं पाडत खेकडे. बुजवायलाही सगळ्यात आधी खेकडेच हजर. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बांध कोणी बांधला, कधी बांधला, कुठे लिहिलेलं नव्हतं. पण देश कोरडा होता.

एका पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिथे करकोचेसाहेब आले. साहेब परदेशचे. जगातल्या सगळ्या देशांचा एक जाडजूड ग्रंथ ते लिहीत. मागच्या ग्रंथात या देशाबद्दल दीड ओळ होती, तीही शेवटच्या पानावर, 'इतर' या मथळ्याखाली.

"इतर?" मकरंदराजांनी शेपूट आपटलं. जवळ बसलेले दोन निवटे उडून झाडावर गेले. "मी इतर?"

"पूर्ण पान हवं असेल तर क्षेत्रफळ लागतं," साहेब म्हणाले. "मी दोरी आणली आहे. मोजू या."

"पहाटे मोजू, साहेब," खंडोपंत घाईने म्हणाले. "पहाटे आमच्याकडे हवा फार छान असते."

हवा कसली डोंबलाची! पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते. समुद्र पार लांब गेला होता. साहेब दोरी घेऊन चालत राहिले, चालत राहिले, आणि देश काही संपेना. नेहमीच्या तिप्पट भरला.

"हे सगळं तुमचं?"

"बापजाद्यांपासून," खंडोपंत म्हणाले, आणि साहेबांना जेवायला घेऊन गेले. कोळंबीची इतकी ताटं झाली की साहेब जेवून जे झोपले ते तिन्हीसांजेलाच उठले. मधल्या वेळात समुद्र येऊन गेला, त्यांना पत्ताच नाही.

उठल्यावर त्यांनी लोकांचीही माहिती घेतली. एका निवट्याला विचारलं, "तू राहतोस कुठे? जमिनीवर की पाण्यात?"

"तुम्ही विचारताय किती वाजता, त्यावर आहे," निवटा म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं, 'लोक उद्धट आहेत.'

पण पान मिळालं, बरं का! पूर्ण पान. पान एकशे बारा. त्यावर देशाचा नकाशा, आणि सरहद्द पार तिकडे, ओहोटीच्या शेवटच्या रेषेवर. राजे दिवसभर ते पान समोर धरून ऊन खात पडले.

खंडोपंतांनी नकाशा निरखला. "महाराज, हा बांध तर देशाच्या मधोमध येतोय. समुद्र पान एकशे बाराप्रमाणे कोसभर लांब आहे. मग मधे भिंत कशाला? पाहुणे हसतील."

"बंद करा," राजे म्हणाले.

राजा बोले, दल हाले. बांधाचं काम बंद झालं. खरं सांगू? लोकांनाही बरंच वाटलं. दोन दिवसांची सुट्टी मिळाली की कारण कोण विचारतो?

एकीने विचारलं. तिचं नाव आवडीबाय. आवडीबाय पाणमांजर होती, आणि तिचं बीळ बांधाच्या अगदी पाठीशी होतं. त्यात तिची चार पिल्लं होती. तुम्हाला वाटत असेल, पाणमांजराचं पिल्लू जन्मतःच पोहतं. मुळीच नाही. शिकवावं लागतं. आणि यांचे तर डोळे उघडून जेमतेम चार दिवस झाले होते. बांधाला नवी भोकं पडत होती, बुजवायला कोणी येत नव्हतं, आणि अमावस्या आठ दिवसांवर आली होती.

ती खंडोपंतांकडे गेली.

"पंत, बांध लिंपायला माणसं द्या. उधाण आलं तर माझी पोरं बुडतील."

"पाणी येईलच कुठून, आवडीबाय? पान एकशे बारा वाच. समुद्र लांब आहे."

"समुद्राने वाचलंय का पान?"

"नसेल वाचलं, तर ती समुद्राची चूक आहे."

"मग मी पोरांना घेऊन जाऊ कुठे? डोंगरावर कोल्हे आहेत."

"हा प्रश्न डोंगर खात्याचा," पंत म्हणाले, आणि त्यांनी पाण्यात सूर मारला.

आवडीबायने एकटीने काम सुरू केलं. पहाटे चार भोकं बुजवावीत, तर दुपारपर्यंत सहा नवी. तिसऱ्या दिवशी ती बांधावर बसून ढसाढसा रडली. शेजारचा खेकडा म्हणाला, "मी मदत केली असती गं, पण बंदी आहे ना!" आणि तिरका तिरका निघून गेला. त्याचा तिला असा राग आला की रडणं थांबलं. तोंड धुऊन ती थेट राजाकडे गेली. बांधाचं नावसुद्धा काढलं नाही.

"राजेसाहेब, देश एवढा मोठा केलात. पण बघता कुठून? तुम्ही असे खाली पडलात तर नुसता चिखल दिसणार."

राजांनी एक डोळा उघडला. "मग?"

"गौरव-ओटा बांधू या. चांगला उंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही वर, आणि सगळा देश पायाशी!"

राजांनी दुसराही डोळा उघडला. "कुठे बांधायचा?"

"देशाच्या अगदी मधोमध. तिथे एक जुना उंचवटा आहेच. नुसता लिंपायचा."

खंडोपंत ओरडले, "महाराज, पण हा तर आपला बां—"

राजांनी त्यांच्याकडे बघितलं.

"—धीव ओटा," पंत म्हणाले. "माझं हेच मत होतं."

मग काय विचारता! हुकूम सुटला. घरटी चार जण, चार दिवस. बांधासाठी घरटी एक यायचा, त्यालाही जांभया येत. ओट्यासाठी सगळे घोषणा देत आले. खेकडेही आले. मकरंदराजे की जय, आणि लाव चिखल. देश मोठा होवो, आणि थाप पेंढा. सात पिढ्यांत बांध इतका भक्कम झाला नव्हता.

अमावस्येला भरदुपारी उद्घाटन ठेवलं. करकोचेसाहेब खास पाहुणे. राजे ओट्यावर चढून भाषणाला उभे राहिले. "ही पाहा आमची भूमी! नजर पोहोचेल तिथपर्यंत कोरडी ठणठणीत..."

आणि समुद्र आला. काठाकाठाने, न बोलता, नेहमीसारखा आला. ओट्यावरून बाहेर लोंबणाऱ्या राजाच्या शेपटीला पाणी लागलं.

"हे काय आहे?" साहेबांनी चष्मा पुसला.

खंडोपंत टुणकन पुढे आले. मग ते म्हणाले, "हा आमचा राष्ट्रीय तलाव, साहेब. उद्घाटनासाठी खास भरून घेतलाय."

"एका तासात?" साहेब थक्क झाले. "असा देश मी कुठेच पाहिला नाही." त्यांनी तिथेच आणखी अर्धं पान मंजूर केलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

बांधाच्या आतल्या बाजूला, बिळात, आवडीबाय भिंतीला पंजा टेकवून बसली होती. पलीकडे पाणी घुसळत होतं. एक वाजला. दोन वाजले. पाणी उतरायला लागलं. चिखल आतून कोरडाच होता. तेव्हा कुठे तिने चारही पिल्लांना पोटाशी ओढलं, इतकं घट्ट की ती कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाटी लागली, 'संकल्पना व निर्मिती, मकरंदराजे.' दर उधाणाआधी ओटा लिंपायचा कायदाही झाला. आवडीबायचं नाव कुठेच नव्हतं. तिला त्याचं काही नव्हतं.

महिन्याभराने तिने पिल्लांना पाण्यात उतरवलं. सगळ्यात धाकटं पाय मारता मारता म्हणालं, "आई, हा तलाव आहे की समुद्र?"

"समुद्र आहे रे सोन्या. कधी विसरू नको," आवडीबाय म्हणाली. "आणि चारचौघांत तलाव म्हण."

तात्पर्य : खरं बोलून आजवर कोणाचं बीळ कोरडं राहिलेलं नाही. म्हणून खरं काम करायचं असेल तर आधी त्याला एखादं शोभिवंत खोटं नाव द्यावं आणि श्रेय राजाला देऊन टाकावं. निबंधात मात्र 'नेहमी खरे बोलावे' असंच लिहा हं, बाळांनो. मार्क त्याचेच मिळतात.