नऊच्या मिस्सेसाठी सावली

पास्काकाळातल्या, म्हणजे ईस्टरपासूनच्या सात आठवड्यांतल्या, सगळ्या मिस्सा यंदा उघड्यावर होणार असल्यामुळे प्रत्येक घराने आपल्या अंगणातली एक सावली झावळ्यांच्या रविवारपर्यंत चर्चमध्ये आणून द्यावी, अशी सूचना आंबोडे धर्मग्रामात उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी वाचून दाखवण्यात आली. कुणाला तिचं विशेष काही वाटलं नाही. चर्चची कौलं दुरुस्तीसाठी उतरवलेली होती, आणि एप्रिलातलं ऊन काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कापडी मंडपाचा विषय कुणी काढलाही नाही. कापडी मंडप म्हणजे आंबोड्यात कमीपणा. ज्यांच्या दारात झाड नाही त्यांनी तो घालावा. इथे प्रत्येक दारात आंबा, नाहीतर फणस, गेला बाजार लिंबोणीचं एखादं झाड तरी आहेच.

सावल्या तपासून घ्यायचं काम रुझाय तुस्कानोकडे होतं. रुझायमावशी पासष्टीची, विधवा. चार वर्षांपूर्वीपर्यंत नवऱ्याच्या बरोबरीने केळीची बाग करत होती. सावलीची पारख तिच्याइतकी गावात कुणाला नव्हती. कड नुसती दोन बोटांत धरून ती सांगायची, ही आंब्याची, दाट आहे, वेदीजवळ टाका. नारळाची पट्ट्यापट्ट्यांची असते, ती तरुण मंडळींना द्यावी, त्यांना चालतं. चिंचेची सावली प्रवचनात लोकांना झोपवते, म्हणून ती गायनवृंदाच्या वाट्याला, कारण गाणाऱ्याला झोपण्याची सोय नसते. हे शेवटचं मत गायनवृंदाला मान्य नव्हतं, पण विचारतो कोण?

सावली काढायची रीत सोपी आहे. दव सुकलं की बुंध्याशी नखाने ती सोडवायची आणि शेंड्याकडे चटईसारखी गुंडाळत न्यायची. चर्चच्या मैदानात ती जमिनीवर अंथरली की वरचं ऊन आपोआप अडतं, टांगाटांगी काही करावी लागत नाही. दोन सावल्यांच्या कडा केळीच्या सोपटाने बांधल्या म्हणजे मधून उन्हाची चीर येत नाही. पेन्टेकॉस्टचा सण झाला की ज्याची त्याने परत न्यायची. तोवर घरचं झाड बोडक्या उन्हात उभं राहतं. ते काही बोलत नाही.

यंदा चर्चच्या मंडळाचे सचिव मोतेस लोपीस यांनी या रीतीत सुधारणा केली. मोतेस निवृत्त मुख्याध्यापक. सरळ चाललेल्या गोष्टीत सुधारणा केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. इतकी वर्षं लोक नऊच्या मिस्सेसाठी नऊच्याच सुमाराला सावली काढत आले होते. मोतेसना त्यात नासाडी दिसली. सकाळी सातला सावली लांब असते, तेव्हाच काढली तर निम्म्या घरांच्या सावल्यांत मैदान झाकून होईल, असं त्यांनी फळ्यावर आकृती काढून पटवून दिलं. फादर आल्बन डाबरे गावात नवे होते. त्यांना आकृती आवडली. रुझायमावशी "बघा बाबा, मला काही बरं दिसत नाही" एवढंच म्हणाली, आणि ते इतिवृत्तात आलं नाही.

पास्काच्या तीन दिवस आधी, पवित्र गुरुवारी, सकाळी सात वाजता सावल्या अंथरून पाहिल्या. मैदान कडेपर्यंत झाकलं गेलं. मोतेसनी टाळी मागितली आणि लोकांनी ती दिलीही. पण झाडं घरी उन्हात उभी होती, आणि सावली कुठेही नेली तरी वेळ आपल्या झाडाचीच पाळते. साडेसातला ती आखडायला लागली. आठला सोपटाच्या गाठी ताणल्या. नऊला सगळ्या सावल्या वेदीच्या बाजूला गोळा झाल्या आणि दक्षिणेकडची एक लांब पट्टी उघडी पडली. तिच्यात एकवीस खुर्च्या होत्या, आणि त्या म्हाताऱ्या माणसांच्या होत्या, कारण फाटकाजवळची जागा त्यांना सोयीची पडते.

"आणखी काढून आणू," फादर म्हणाले. "निम्मी घरं तर बाकीच आहेत."

"आज गुरुवार, फादर," रुझायमावशी म्हणाली. "आजपासून पास्कापर्यंत झाडाला हात लावत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"कोणी म्हणत नाही. लावत नाहीत."

यावर फादरांनी झाडांचा विषय सोडला. ते नवे असले तरी इतपत शहाणे होते.

मग माणसांच्या सावल्यांचा विचार झाला. तो लगेच सोडून द्यावा लागला. जिवंत माणसाची सावली माणसाबरोबर हलते. मागे एकदा कुणा भाविकाने स्वतःची सावली उत्साहाने जोडली होती, आणि प्रवचनाच्या मध्येच त्याला लघवीला जायची वेळ आली तेव्हा अर्धं मैदान त्याच्या मागोमाग फरपटत गेलं होतं. तेव्हापासून नियमावलीत तसं कलमच आहे.

"मग वृद्धांनी यंदा घरीच प्रार्थना करावी," मोतेस म्हणाले. "तसा ठराव करता येईल."

"कातरीनआजीला तुम्ही सांगाल?" रुझायमावशीने विचारलं.

कातरीनआजी एक्क्याण्णव वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. पण पास्काची मिस्सा तिने आयुष्यात एकदाही चुकवली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. ती उन्हात बसली असती. बसलीच असती, आणि दुसऱ्या रविवारी बसायला राहिली नसती.

"आपल्याला न आखडणारी सावली पाहिजे," फादर म्हणाले. "आणि न हलणारी. अशी असते का?"

मैदानात दहा-बारा माणसं होती. त्यांतलं प्रत्येक माणूस एकदम दुसरीकडेच बघायला लागलं. कुणी कौलांकडे, कुणी चपलेकडे. मोतेसनी चष्मा काढून पुसला. रुझायमावशीला कळलं. तिने पदर खोचला आणि घरची वाट धरली.

तिच्याकडे इनासची सावली होती, हे गावाला माहीत होतं. तिचा नवरा चार वर्षांमागे जानेवारीत, संध्याकाळी साडेपाच वाजता, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. ती चहाचा कप त्याला देत होती आणि तो घ्यायला त्याने हात पुढे केला होता. कप त्याच्या हातात पोचला नाही. माणसं धावत आली, त्याला उचलून आत नेलं. सावली मात्र अंगणातच राहिली, संध्याकाळची, लांबलचक, हात पुढे केलेली. दव पडायच्या आत रुझायने ती गुंडाळून ठेवली.

तेव्हापासून ती ट्रंकेत होती, डांबराच्या गोळ्या घालून. दुपारी जेवण उरकलं की रुझाय ती काढायची, माजघरात फरशीवर पसरायची आणि तिच्या कडेला आडवी व्हायची. सावली थंड लागायची. घटकाभर डोळा लागायचा. मग उठून, नीट घडी घालून ती परत ठेवायची. याची चर्चा ती कुणाशी करत नसे आणि कुणी तिला विचारतही नसे.

धनी नसलेली सावली उन्हाला टिकत नाही. हीही गावाला माहीत असलेली गोष्ट. बावतीस कोलासोने वडलांची सावली हवा लागावी म्हणून वाळत घातली होती. जी गच्च काळी होती ती सात आठवड्यांत पार विरली, आणि दोरीवर नुसते चिमटे राहिले. पास्कापासून पेन्टेकॉस्टही सातच आठवडे.

रुझायने ट्रंक उघडली. तिला राग आला. मोतेसचा आला, त्याच्या त्या आकृतीचा आला, आणि सगळ्यात जास्त इनासचा आला, की हा माणूस दुपारी बारा वाजता का गेला नाही. बाराची सावली वीतभर असते, ती कुणाच्या उपयोगी पडली नसती. कुणी अशी मान वळवली नसती. ती तिच्याजवळच राहिली असती. ती ट्रंकेपाशी बसून रडली, पोटभर रडली, मग उठून तोंड धुतलं.

पवित्र शनिवारी सकाळी ती गुंडाळी काखेत घेऊन चर्चच्या कार्यालयात गेली. फादर आणि मोतेस तिथे होते. मोतेसनी अर्ज पुढे केला. अर्ज भरल्याशिवाय सावली घेत नाहीत, आणि हा नियम रुझायनेच करवून घेतला होता.

"झाडाचा प्रकार?" मोतेसनी विचारलं.

"माणूस."

"काढल्याची वेळ?"

"साडेपाच. संध्याकाळचे."

मोतेसनी ते लिहिलं. "धन्याची संमती?"

"धनी वारले."

"ते माहीत आहे, मावशी. पण रकाना आहे."

"मास्तर, चर्चमध्ये ते कधी बसले होते का, आठवा. खुर्ची असली तर कुणाला तरी द्यायचे, आणि मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. एवढ्या वर्षांत मी एकटीच बसले. आता ते नाही म्हणतील?"

मोतेसनी थोडा विचार केला आणि रकान्यात 'गृहीत' असं लिहिलं.

"परत न्यायची तारीख?"

रुझायने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

फादर आल्बन इतका वेळ ऐकत होते. "मावशी," ते हळूच म्हणाले, "ती संपून जाईल. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आपण वृद्धांसाठी छत्र्या आणू शकतो. मी माणूस पाठवतो."

"छत्री कोण धरणार, फादर? कातरीनआजीच्या एका हातात काठी नि एका हातात माळ." रुझायने गुंडाळी टेबलावर ठेवली. "घ्या आता. परत मन फिरलं तर मी घेऊन जाईन हं."

मोतेसनी गुंडाळी चटकन ताब्यात घेतली आणि पोच दिली.

पास्काच्या रविवारी नऊ वाजता झाडांच्या सावल्या ठरल्याप्रमाणे आखडल्या. इनासची सावली जिथे होती तिथेच राहिली. तिचं डोकं गायनवृंदापाशी होतं, खांदे, पाठ आणि पाय वीस खुर्च्यांवर, आणि पुढे केलेला हात थेट शेवटच्या, कातरीनआजीच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. ऊन कुणालाही लागलं नाही. पुनरुत्थानाची घंटा वाजली, सगळे उभे राहिले, आणि आजी बसल्या जागी मान वर करून हुंगल्यासारखं करू लागली.

"इनास आला काय?" तिने विचारलं.

"आले," रुझाय म्हणाली.

"केवढा लांब झालाय!"

"संध्याकाळचे आहेत, आजी."

आजीला ते पटलं. तिने माळ चालू केली.

रुझायने स्वतःसाठी नारळाच्या सावलीतली जागा घेतली. तिथे अंगावर उन्हाच्या पट्ट्या येतात, पण तिथून तो पुरता दिसायचा. दुपारी माजघराची फरशी तिला मोठी वाटायची, आणि पहिले काही दिवस ती तिच्यावरून चाललीसुद्धा नाही, कडेकडेने जायची. शेजारणीने येऊन बसायचा प्रयत्न केला. रुझायने तिला चहा दिला आणि लवकर वाटेला लावलं.

दुसऱ्या रविवारी सावली काळीच होती. तिसऱ्या रविवारी पाय राखाडी झाले आणि त्यांवर बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी टोप्या घातल्या. पास्का उलटल्यावर झाडांना हात लावण्याची मोकळीक होतीच, म्हणून चौथ्या रविवारी फादरांनी राहिलेल्या घरांतून नऊच्या सावल्या मागवल्या, आणि त्या नियमाने मिळाल्या. विरत चाललेल्या जागी मोतेस स्वतः गुडघे टेकून लिंबोणीची, चिकूची ठिगळं लावत होते. आकृती त्यांनी फळ्यावरून पुसली होती. रुझायला त्यांनी एकदा विचारलं, "काढून घेऊ का, मावशी? जी उरली ती तरी तुमची तुम्हाला राहील." तिने बराच वेळ सावलीकडे पाहिलं. पाठ गेली होती, खांदे होते. आता घरी नेली तर खांदे तरी राहिले असते. ती "असू दे" म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत आपण असं का म्हणालो याचा तिला पश्चात्ताप होत राहिला.

सहाव्या रविवारी नुसता हात उरला होता. ठिगळं आता कातरीनआजीच्या खुर्चीच्या अलीकडेपर्यंत पोचली होती. मे महिन्यात नऊलाच ऊन वर चढतं आणि झाडांच्या सावल्या आणखी आखडतात, त्यामुळे त्या एका खुर्चीपुरती सावली गावात शिल्लक नव्हती, आणि आजी खुर्ची हलवू देत नव्हती. तिला त्याच जागी बसायचं होतं.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी मे महिन्याचं ऊन पांढरंफटक पडलं होतं. विश्वासाचा अंगीकार ही प्रार्थना उभ्याने म्हणून झाली आणि सगळे बसले. नारळाच्या पट्ट्यांतून रुझाय बघत होती. हाताची बोटं फिकी होत होत मातीच्या रंगाची झाली, आणि मग ती माती झाली. ऊन आजीच्या मांडीवर आलं. आजीने हात पुढे करून ते चाचपलं.

रुझाय उठली. अख्खी मिस्सा बसलेली असताना ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत आजीपाशी गेली. मोतेसनी तिला बघितलं आणि पाय आत घेऊन वाट दिली.

"इनास गेला काय?" आजीने विचारलं.

"गेले," रुझाय म्हणाली.

हा शब्द तिने चार वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. तो तोंडातून सहज निघाला, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"मग हे कोण?" आजी म्हणाली. तिच्या मांडीवरचं ऊन हटलं होतं.

"मी आहे, आजी. रुझाय."

ती आजीच्या खुर्चीला टेकून, उन्हाकडे पाठ करून उभी होती. शेजारच्या माणसाने उठून तिला आपली खुर्ची देऊ केली. तिने मानेनेच नको म्हटलं, आणि शेवटचं गीत संपेपर्यंत ती जागची हलली नाही.