हात हलवा, परत, जा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी शंका काढायला नको. यंत्रात काहीही दोष नव्हता. तेव्हा नव्हता, आजही नाही. जे काही झालं ते माणसांमुळे झालं, आणि माणसं काही मी बसवलेली नव्हती!

मी एका व्यापारी इमारतीचा व्यवस्थापक. खाली काचेचं दार, दाराच्या आत लागूनच माझी केबिन. वर दातांचे डॉक्टर, त्यांच्या वर घटस्फोट करून देणाऱ्या वकीलबाई, आणि आणखीही बरीच ऑफिसं. इमारतीच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, आणि तेही आवाज जरा खाली आणून.

दाराला पूर्वी बेलचं बटण होतं. येणारा प्रत्येक जण ते दाबायचा. कुणी शिंकून दाबायचा, कुणी खाता खाता दाबायचा. दातांचे डॉक्टर रोज माझ्याकडे येऊन कुरकुरायचे, "अहो, लोक ज्या बोटाने बटण दाबतात, तेच बोट तोंडात घालून मला दाखवतात, इथे दुखतंय म्हणून. काहीतरी करा." मी ठरवलं, करायचं. नुसतं काहीतरी नाही, चांगलं दणदणीत करायचं!

म्हणून ते यंत्र आणलं. दाराशेजारी एक काळा पडदा, त्याच्या वर कॅमेरा. कशालाही हात लावायचा नाही. समोर उभं राहून हात हलवला की आतल्या एका ऑफिसात बेल वाजते, तिथल्या पडद्यावर तुमचं तोंड दिसतं, बोलणं होतं आणि आतला माणूस दार उघडतो. ते ऑफिस नको असेल तर पुन्हा हात हलवायचा, की बेल पुढच्या ऑफिसात. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण माझ्या साडूला ते कळलं नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. याचं कुलपांचं आणि बेलचं दुकान आहे. त्याने थेट बाईंसमोरच मला विचारलं, "साडूभाऊ, दार वाजवायचं असतं. दाराला टाटा काय करायचा?"

बाई हसल्या. बाई हसल्या की इमारतीतलं कुणीतरी जातं, हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. त्या म्हणाल्या, "महिनाभर बघते. यंत्र चाललं तर तुमची नोकरी पक्की. नाही चाललं तर तुमच्या जागी तुमचे साडू. ते निदान दाराला दार म्हणतात."

"बघाच तुम्ही," मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, छाती काढून म्हणालो.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने एक अडचण सांगितली. यंत्र पाहुण्यांशी बोलतं, पण कुठल्यातरी परक्या भाषेत. तेव्हा आपला आवाज भरून घ्यायचा. आवाजाचे कप्पे तीन. पहिला, माणूस समोर आला की वाजणारा. दुसरा, हात नीट दिसला नाही तर वाजणारा. तिसरा, दार उघडल्यावर वाजणारा. पहिला कप्पा जरा मोठा, बाकीचे दोन इवलेसे.

आवाजासाठी बायकोशिवाय दुसरं नाव माझ्या मनातही आलं नाही. ही शाळेत शिकवते. हिचा आवाज शेवटच्या बाकावर झोपलेल्या मुलालाही उठवतो. पहिल्या कप्प्यात ती म्हणाली, "हात हलवा." दुसऱ्यात म्हणाली, "परत हलवा." तिसऱ्यासाठी मी तिला 'या' म्हण असं सुचवलं.

"मी काय आत उभी आहे का, 'या' म्हणायला?" ती म्हणाली, आणि आपल्या मनाने बोलून मोकळी झाली, "जा, आत जा."

इवल्याशा कप्प्यात मावलं तेवढं मावलं. दुसऱ्यात 'परत' राहिलं आणि तिसऱ्यात 'जा' राहिलं. मी ऐकून बघितलं. तिन्ही शब्द स्पष्ट, खणखणीत आणि शुद्ध होते.

पहिल्या दिवशी पार्सलवाला आला. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत खोकी.

"हात हलवा," ही म्हणाली. म्हणजे यंत्र म्हणालं.

त्याने कसंबसं कोपर हलवलं.

"परत."

त्याने पुन्हा कोपर हलवलं. बेल वकीलबाईंकडे वाजली आणि त्यांनी लगेच दार उघडलं.

"जा."

पार्सलवाला खोक्यांच्या वरून पडद्याकडे बघतच राहिला. "एवढं ओझं घेऊन आलोय, आणि मला म्हणे हात हलवत परत जा?" तो तडक मागे वळला. त्याच्या पाठीमागे दार अगदी अदबीने उघडलं, थोडा वेळ थांबलं आणि बंद झालं. त्याने ते बघितलंसुद्धा नाही!

त्यानंतर विम्याचे एजंट आले. ते चिडले नाहीत, खचले. मी बाहेर धावत गेलो तर पायरीवर बसून होते. "आयुष्यभर लोकांनी मला हात हलवत परत पाठवलं," ते म्हणाले, "पण दारानेच सांगावं, ही वेळ पहिल्यांदा आली."

मी बायकोला सांगितलं, शब्द बदलू या. ती म्हणाली, "व्याकरणात चूक दाखवा, बदलते." मी रात्रीचं जेवण होईपर्यंत चूक शोधली. सापडली नाही. मग मीही इरेला पेटलो. शब्द बरोबर आहेत ना? मग राहतील! लोकांनी आपले कान सुधारावेत.

खरा घोळ मात्र हातांमुळे झाला. आपल्या माणसांना हात न हलवता बोलता येत नाही, हे यंत्र बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. माणूस डॉक्टरांशी बोलायला लागतो, बोलता बोलता हात उडतो, आणि पुढचं वाक्य वकीलबाईंकडे जाऊन पडतं. पडद्यावर छोट्या अक्षरांत ऑफिस बदलल्याचं लिहून येतं, पण तावातावाने बोलणारा माणूस अक्षरं कशाला वाचेल?

एक सुतारकाका आले, गाल सुजलेला. सोबत त्यांची बायको. त्यांनी डॉक्टरांना नाव सांगितलं आणि "काय सांगू तुम्हाला" म्हणून हात उडवला. पुढचा संवाद वकीलबाईंनी मला नंतर शब्दशः ऐकवला.

"फार त्रास झालाय. रात्र रात्र झोपू देत नाही," काका म्हणाले.

"कधीपासून?" वकीलबाईंनी मायेने विचारलं. त्यांच्याकडे सुरुवात अशीच होते.

"आहे जुनीच. पण आता हलायला लागलीय. काढूनच टाकायची."

"घाईने निर्णय घेऊ नका. मुलं किती आहेत?"

"मुळं? दोन असतील. नाहीतर तीन."

"तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार? ते डॉक्टर बघून सांगतील."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पत्नीला याची कल्पना आहे का?"

"तीच तर मागे लागलीय, आजच्या आज काढून टाका म्हणून. ही काय, शेजारीच उभी आहे."

काकांची बायको कॅमेऱ्यासमोर आली आणि म्हणाली, "काढा हो. आणि दुखणार नाही असं बघा."

वकीलबाई खाली आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. इतका समजूतदार घटस्फोट त्यांनी कधी पाहिला नव्हता. खरा प्रकार कळल्यावर मात्र त्यांचे डोळे ताबडतोब कोरडे झाले.

"हे यंत्र काढा," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार," मी म्हणालो.

डॉक्टरही म्हणाले, काढा. ते त्यांचं रोजचंच वाक्य असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही. रोज कुणी ना कुणी केबिनच्या दारात येऊन भांडून जायचं आणि मी रोज तेच सांगायचो: यंत्र राहील. समोरच्या फुटपाथवर साडू येऊन उभा राहायचा, हात मागे बांधून, जणू जागा बघायला आलाय. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. माझ्या वयाच्या व्यवस्थापकाला दुसरी इमारत कोण देणार? पण भीती वाटली की मी जास्तच ताठ बसतो.

आणि महिना संपता संपता एका सकाळी, न कळवता, बाई आल्या.

बाईंचे हात बांधले तर त्या मुक्या होतील, असं इमारतीत गमतीने म्हणतात. यंत्रासमोर उभ्या राहिल्या.

"हात हलवा."

बाईंनी माशी हाकलल्यासारखा हलवला.

"परत."

बाईंनी भुवया चढवल्या आणि पुन्हा हलवला. माझ्या केबिनमधली बेल वाजली. पडद्यावर साक्षात बाई बघून मी झटकन दार उघडलं.

"जा," माझी बायको बाईंना म्हणाली.

बाई आत आल्या नाहीत. दार उघडून बंद झालं. त्या पडद्याच्या आणखी जवळ आल्या आणि बोलायला लागल्या, "व्यवस्थापक, तुम्ही या इमारतीत जे करून ठेवलंय ना, ते आजवर कुणीही केलं नव्हतं..."

इथे त्यांचा हात हवेत गेला आणि माझा पडदा काळा झाला.

आजवर कुणीही केलं नव्हतं! मी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "नोकरी पक्की. संध्याकाळी बाहेर जेवू. आणि तुझा आवाज बाईंनी फार मन लावून ऐकला."

फोन ठेवतोय तोच जिन्यावर धडधड झाली. सगळ्यांत पुढे दातांचे डॉक्टर, हातात अजून चिमटा.

"मला काढलं!" ते म्हणाले. "बाई आत्ता पडद्यावर म्हणाल्या, उद्याच्या उद्या सामान उचला, मला तुमचं तोंडही बघायचं नाही. अहो, मी लोकांची तोंडं बघतो, माझं कुणी बघावं अशी माझी कधी अपेक्षाच नव्हती."

मागोमाग वकीलबाई. "मला म्हणाल्या, किल्ल्या तुमच्या साडूच्या ताब्यात द्या." त्यांचं कायद्याचं डोकं चालायला लागलेलं दिसत होतं. "पण मला साडू कसा असेल? साडू पुरुषालाच असतो. डॉक्टर, तुम्हाला साडू आहे?"

"मला बायकोच नाही."

"म्हणजे ज्याला बायको आहे, बायकोला बहीण आहे आणि बहिणीला नवरा आहे, असा माणूस..." असं म्हणत त्या हळूहळू माझ्याकडे वळल्या. डॉक्टरही वळले. जिन्यावरून आणखी जे कोण उतरत होते तेही वळले.

काचेपलीकडे साडू फुटपाथ सोडून आता बाईंच्या बाजूला येऊन उभा होता. माझ्या वाट्याला आलेला तुकडा मी त्यांना सांगितला आणि तिन्ही तुकडे मनात जोडून बघितले. जोड पक्का होता.

वकीलबाईंचा आवाज एकदम बदलला. "थांबा. निरोप तीन तुकड्यांत आलाय, तोही तीन माणसांना. तुमच्यापर्यंत पोचली ती फक्त स्तुती. तुम्हाला काढल्याचं तुम्हाला कुणीही सांगितलेलं नाही. बाईंना आत घेऊ नका. त्या समोर येऊन सांगत नाहीत, तोपर्यंत हे प्रकरण मी वर्षभर लांबवते. कुणी दाराजवळ जाऊ नका रे, आतून गेलं की ते आपोआप उघडतं."

सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. बाहेर बाई हात उडवत बोलत होत्या. यंत्र म्हणत होतं, परत. परत. परत. सगळ्या मजल्यांवर बेला वाजत होत्या, आणि उचलायला वर कुणीच नव्हतं.

खुर्ची वाचत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यात साडूने तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि काचेतून ओरडला, "बटण असतं तर बाई कधीच आत आल्या असत्या!"

हे मात्र मला सहन झालं नाही.

"बाई आत येतील," मी म्हणालो. "आणि यंत्रानेच येतील."

"वेडे आहात का?" वकीलबाईंनी माझी बाही धरली. मी सोडवून घेतली.

दार उघडणार नाही इतक्या अंतरावर मी उभा राहिलो. बाईंच्या डोळ्यांत बघून ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात त्यांना कुणी असं गप्प केलं नसेल. त्या खरंच थांबल्या. मग मी उजवा हात खांद्यापर्यंत नेला आणि संथपणे, एकदाच, हलवून दाखवला.

बाईंनी ओठ मिटले. हात उचलला. संथपणे, एकदाच, हलवला.

केबिनमध्ये बेल वाजली. पहिल्या हातात! मी आत गेलो, खुर्चीत नीट बसलो आणि बोललो, "कोण पाहिजे?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"काय काम होतं?"

"तुम्हाला कामावरून काढायचंय."

आवाज स्वच्छ, चित्र स्पष्ट. कुठे खरखर नाही. मी दार उघडलं. बाई आत आल्या आणि केबिनसमोर उभ्या राहून त्यांनी ते अख्खं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही हात मोकळे सोडून, मला ऐकवलं. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. मी बाईंच्या खांद्यावरून दाराकडे बघत होतो. काय सुरेख मिटलं ते.

किल्ल्या साडूच्या हातात ठेवल्या आणि घरी आलो. ही बाहेर जेवायला जायचं म्हणून तयार होऊन बसली होती.

"मग? बाई आत आल्या का?"

"आल्या," मी मान ताठ ठेवून म्हणालो. "पहिल्या हातात."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर आलो. त्याला हात हलवावा लागत नाही."