गाणं संपवायचं कोणी?

माणसं सांभाळावीत तर ती मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. मी विमा एजंट आहे. धडधाकट माणसाला त्याच्याच मरणाबद्दल सविस्तर सांगायचं, वर त्याच्याच घरचा चहा प्यायचा आणि हसतमुखाने सही घेऊन बाहेर पडायचं, यात माझी उमर गेली. तेव्हा चार जणांचा बँड एकत्र ठेवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवतात ते शेजारच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात अगदी हळुवार काम करावं लागतं, त्याचा सगळा वचपा ते ड्रमवर काढतात. गातात त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी. गिटारवर माझा मेव्हणा. गाणीही तोच लिहितो आणि त्यातला एक शब्द कोणी इकडचा तिकडे केला तर रागाने आमच्याकडे जेवत नाही. (महिनाअखेरीला मी मुद्दाम एखादा शब्द बदलतो.) आणि कीबोर्डवर अस्मादिक.

प्रॅक्टिस रविवारी दुपारी, आमच्या मागच्या खोलीत. या खोलीवर आमच्या बायकोचा फार दिवसांपासून डोळा आहे. ती लोकांचे कपडे शिवते आणि तिचं शिलाई मशीन सध्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये अंग चोरून उभं असतं. गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या कपड्यावर तेल उडालं की ती नुसती मागच्या खोलीकडे बघते. ते बघणं मी कसं सोसतो ते माझं मला माहीत!

दुसरं संकट डोक्यावर होतं. म्हणजे अक्षरशः डोक्यावर. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. वरच्या बाई. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून हातात काठी आलेली. आम्ही गाणं सुरू करायचो, पहिलं कडवं व्हायचं, दुसऱ्या कडव्यात जरा कुठे रंग भरायला लागायचा की वरून आवाज यायचा...

ठक! ठक! ठक!

आम्ही चौघे एका क्षणात गप्प! वर्गात बाई आल्यावर पोरं होतात ना, तसे. मग पुन्हा सुरू करायची कोणाची छाती व्हायची नाही. बायको चहा आणायची आणि चहाबरोबर भांडण सुरू व्हायचं. दर रविवारी हेच. थोडक्यात काय, आमचं गाणं कधी शेवटापर्यंत पोचलंच नाही. यात काही चुकतंय हे तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

भांडणाचा विषय ठरलेला : बँडचा लीडर कोण? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर तीन होत्या! आणि मी म्यान.

अशात गावातल्या शाळेच्या हेडसरांनी शाळेच्या वर्धापनदिनाला आमच्या बँडला बोलावलं. हेडसरांची पॉलिसी माझ्याकडे आहे, हा निव्वळ योगायोग समजावा. आयुष्यातला पहिला कार्यक्रम! मी बातमी सांगितली आणि आनंद जेमतेम चहा निवेपर्यंत टिकला.

"गाणं संपवायची खूण मी देणार," डॉक्टर म्हणाले. "ठेका माझा, तर शेवटही माझा."

"लोक काय ठेका ऐकायला येतात?" वहिनी म्हणाल्या. "मी गायची थांबले की गाणं संपलं. इतकं साधं आहे!"

"गाणं लिहिलंय कोणी?" मेव्हणा उसळला. "ज्याने जन्माला घातलं त्याला विचारणार की नाही?"

"असं असेल तर मी ड्रम विकून टाकतो!" डॉक्टर उठले.

"विका, विका!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "गिऱ्हाईक मी शोधते!" आणि मग दारात येऊन शांतपणे म्हणाली, "अहो, एक सांगून ठेवते. हा कार्यक्रम झाला तर झाला. तिथे तोंडावर पडलात, तर दुसऱ्या दिवशी ती खोली माझी."

झालं! आता बँड टिकला तर खोली टिकणार होती आणि खोली टिकली तर बँड. अशा वेळी सामान्य माणूस हातपाय गाळतो. मी एकेकाला गॅलरीत बोलावलं.

आधी डॉक्टरांना. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "डॉक्टर, खरं सांगू? बँडचे खरे लीडर तुम्हीच. तुम्ही मोठी झांज वाजवलीत की गाणं संपलं. पण हे आपल्या दोघांत हं! उगाच बाकीच्यांची मनं कशाला दुखवायची?"

डॉक्टर विरघळले. मग वहिनी. "वहिनी, खरं सांगू? बँडच्या खऱ्या लीडर तुम्हीच. तुम्ही हात वर केलात की गाणं संपलं. फक्त डॉक्टरांना बोलू नका, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे." शेवटी मेव्हणा. "खरं सांगू का रे? खरा लीडर तूच. तू गिटार उंच केलीस की गाणं संपलं. ताईलाही सांगू नकोस."

"दाजी!" मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या गालावरही पाणी होतं, पण ते वरच्या बाईंच्या कुंड्यांतून टपकत होतं. त्यांची झाडांना पाणी घालायची वेळ होती.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही स्वतः? मी स्वतःला काही सांगितलं नाही. खरा लीडर मीच आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी मान हलवली की गाणं संपणार, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून बँडमध्ये अशी काही गोडी नांदायला लागली की विचारू नका! जो तो दुसऱ्याकडे बघून मोठ्या मनाने हसायचा. "आधी तुम्ही घ्या चहा." "छे छे, आधी तुम्ही!" बायको मला म्हणाली, "यांना झालंय काय? आजारी आहेत का?" मी नुसतं मिशीतल्या मिशीत हसलो.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. शाळेचं सभागृह खच्चून भरलेलं. मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि फट घाईघाईने मिटून घेतली. पहिल्या रांगेत, मधोमध, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत... वरच्या बाई! हातात काठी!

"या इथे कशा?" मी हेडसरांना विचारलं.

"म्हणजे काय? बाईंनीच तर ही शाळा उभी केली!"

आमच्या आधी बालवर्गाचा नाच होता. ससे झालेली चिमुरडी पोरं इतकी गोड नाचली की सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आणि बाईंनी काय करावं? ठक! ठक! ठक! सशांनासुद्धा सोडलं नाही! मी म्हटलं, संपलं. जी बाई सशांना दाद देत नाही, ती आम्हाला काय देणार?

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेने माइक घेतला. बँडच्या नावावरूनही आमचं एकमत झालं नव्हतं, म्हणून मी शाळेला निरोपात लिहून पाठवलं होतं, 'नाव नंतर कळवतो'. शिक्षिकेने निरोप वाचला आणि गोड आवाजात जाहीर केलं, "आणि आता आपल्यासमोर येत आहे, 'नाव नंतर कळवतो' हा बँड!"

टाळ्या पडल्या. पडदा उघडला.

खोटं नाही सांगत, सुरुवात बहारदार झाली! पहिलं कडवं झालं. दुसरं कडवं आलं तसे आम्ही चौघांनी सवयीने मान वर करून छताकडे पाहिलं. वरून काही आलं नाही. दुसरं कडवं पार पडलं! तिसरं! आयुष्यात प्रथमच आम्ही गाण्याच्या शेवटाला पोचलो.

डॉक्टरांनी झांज वाजवली आणि ऐटीत थांबले. आम्ही तिघे वाजवत राहिलो. डॉक्टर दचकले. आपली खूण कोणाला दिसली नाही असं वाटून त्यांनी घाईघाईने पुन्हा ठेका धरला. तेवढ्यात वहिनींनी हात वर केला आणि गाणं थांबवलं. पण डॉक्टर आत्ताच नव्या जोमाने सुरू झालेले! वहिनींनी डोळे वटारले आणि नाइलाजाने पुन्हा पहिलं कडवं धरलं. मग मेव्हण्याने गिटार उंच केली. कोणी पाहिलं नाही. आणखी उंच केली. डोक्यावर नेली. त्या नादात वायर निसटली आणि गिटारचा आवाजच गेला! मी मान हलवत होतो. इतकी हलवली की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी काळजीने पाण्याची बाटली पुढे केली.

गाणं सुरू करायला अक्कल लागत नाही हो, संपवायला लागते! दुसऱ्यांदा आख्खं गाणं झालं. तिसऱ्यांदा झालं. वहिनींनी शेवटी दोन्ही हात वर केले, तर आख्ख्या बालवर्गाने दोन्ही हात वर केले. पडदा ओढणाऱ्या शिपायाला वाटलं, ही आपल्यालाच खूण. त्याने पडदा पाडला. आम्ही पडद्याआड वाजवतोय! आतून गाणं येतंच आहे म्हटल्यावर त्याने बिचाऱ्याने पडदा पुन्हा उघडला. आम्ही तिथेच, घामाने निथळत, पहिल्या कडव्यावर!

"अहो, थांबा ना!" वहिनी डॉक्टरांवर ओरडल्या. माइक तोंडासमोर होता हे विसरून.

"तू थांब! लीडर मी आहे!"

"तुम्ही? लीडर मी आहे! भाऊजींनी सांगितलंय!"

"दाजींनी मला सांगितलंय!" गिटार डोक्यावर धरूनच मेव्हणा किंचाळला.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पितळ उघडं पडलं, तेही भर सभेत, लाउडस्पीकरवरून! पण गंमत अशी की गाणं काही थांबलं नाही. ठेका चालू, सूर चालू. आणि वहिनी जातिवंत गायिका. त्यांनी ते भांडणही चालीतच घेतलं :

"सांगा भाऊजी, लीडर कोण?"

सभागृहाला वाटलं, हेच गाणं! बालवर्गाने लगेच उचललं, "लीडर कोण? लीडर कोण?" मग पालकांनी, मग मास्तरांनी. हेडसर खुर्चीत उड्या मारत होते! सगळं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर मला एकच प्रश्न विचारत होतं आणि मी खाली मान घालून कीबोर्ड बडवत होतो. रांगेच्या टोकाला बसलेली आमची बायको पदराने डोळे पुसत होती. खोलीचं माप घेत असणार, दुसरं काय!

आणि तेवढ्यात...

ठक! ठक! ठक!

आम्ही चौघे एका क्षणात थांबलो. एकाच ठोक्यावर! एक सूर मागे नाही, एक पुढे नाही. असा शेवट मोठमोठ्या कलाकारांनासुद्धा साधत नसेल! आणि मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की डॉक्टरांची झांज आपोआप थरथरली.

पण विंगेत आल्यावर तिघांनी मला भिंतीशी गाठलं. "भाऊजी, तुम्ही..." "दाजी, तुम्ही..." डॉक्टर नुसते माझ्या दातांकडे बघत होते. ते मला जास्त लागलं. म्हटलं, हे दात गेले, बँड गेला आणि खोलीही गेली.

तोच काठी टेकत टेकत वरच्या बाई आत आल्या. चेहरा लालबुंद.

"बंद का केलंत?" त्या कडाडल्या.

"बाई... तुम्ही काठी..."

"मग? आवडलं म्हणून आपटली! एका हातात काठी धरलेल्या माणसाने टाळ्या कशा वाजवायच्या? दर रविवारी खुर्ची ओढून खाली कान देऊन बसते. जरा रंगात आलात की दाद देते, आणि तुम्ही आपले गप्प! आज शेवट ऐकायचा म्हणून मघापासून काठी आवरून धरली, शेवटी राहवलं नाही, तर आजही तेच! गाण्याला शेवट आहे की नाही तुमच्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी वहिनी हसल्या. मग मेव्हणा. मग डॉक्टर असे काही हसले की त्यांच्या अक्कलदाढा दिसल्या. हसता हसता ते माझ्या गळ्यात पडले आणि मीही न लाजता रडलो. हेडसर धावत आले, "पुढच्या वर्षीही तुम्हीच! आणि ते 'लीडर कोण' पाहिजेच!" मागोमाग आमची बायको आली. ती रडत नव्हती, हसून हसून तिचे डोळे सुजले होते.

"राहू दे ती खोली तुम्हाला," ती म्हणाली. "घरबसल्या एवढी करमणूक मला कोण देणार? मशीन तेवढं कोपऱ्यात ठेवीन म्हणते."

सगळं गोड झालं! आता फक्त एकच काम उरलं होतं. आमचं गाणं नेमकं संपवू शकणारी व्यक्ती आता आम्हाला सापडली होती. ती हातची जाऊ देणं एजंटाच्या रक्तात नाही. मी बाईंना हात देऊन जिन्यापर्यंत नेलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बाई, खरं सांगू? बँडच्या खऱ्या लीडर..."

"मीच," बाई म्हणाल्या. "माहीत आहे. तुझ्या गॅलरीच्या वर माझी गॅलरी आहे, बाळ. हे वाक्य ऐकत ऐकतच त्या दिवशी मी सगळ्या झाडांना पाणी घातलं."